गाण्यातला डबा ओळखा

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात एका काकांचं पत्र आलं होतं, की त्यांचा नातू दिवसभर कानात हेडफोन खुपसून ड्रॅगनची आणि रोबोटची इंग्लिश गाणी ऐकतो, ही काय गाणी आहेत का, आपली लोकगीतं मेली आणि हे आलं वगैरे. वाचून मला हसूच आलं कारण यंदाच्या आखाजीपर्यंत (म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत) मीपण हेच बोलत होते, फक्त मी पेपरला कळवलं नाही, स्वयंपाकघरातून लेकीवर ओरडत होते.

झालं असं की लेक जळगावला होस्टेलला असते, आखाजीला घरी आली. मी खापरावर पुरणपोळ्या टाकत होते आणि ही बाहेर कडुनिंबाला बांधलेल्या झोक्यावर मोबाईल लावून बसली. गिटार, दहापंधरा माणसांचा आवाज, कोणी सुरात तर कोणी नुसतंच जोरात, आणि मधेच सगळे खो खो हसतात. माझ्या सासूबाई म्हणाल्या "हाई काय शे व?" तर पोरगी म्हणते आजी, हे फिल्क आहे. मी म्हटलं फोक म्हणायचंय का तुला, तर म्हणे नाही मम्मी, फिल्कच, आणि ती टायपिंगची चूक आहे.

खरंच चूक आहे हो. अमेरिकेत १९५० च्या दशकात विज्ञानकथांच्या एका चाहत्याने लोकसंगीतावर लेख लिहिला आणि त्यात फोकचं झालं फिल्क. बाकीच्या चाहत्यांना ती चूक इतकी आवडली की त्यांनी आपल्या गाण्यांना तेच नाव देऊन टाकलं. (तुमच्याही पेपरात मागे "सत्कार"चा "सरकार" झाला होता, पण त्यातून काही नवीन निघालं नाही.) हे लोक विज्ञानकथांच्या संमेलनाला जमायचे, अजूनही जमतात, आणि रात्री सगळे कार्यक्रम संपले की एखाद्या खोलीत गोल करून बसतात, ज्याची पाळी येईल त्याने गायचं, बाकीच्यांनी धृवपद धरायचं. चाल बऱ्याचदा जुन्या लोकगीताची आणि शब्द नवे, कुठल्या अंतराळयानाचे, कुठल्या सिरीयलमधल्या कॅप्टनचे. स्टेज नाही, तिकीट नाही, आवाज बरा नसला तरी कोणी उठवून लावत नाही. त्यांचा पुरस्कारसुद्धा आहे, पेगासस नावाचा, ओहायोमधल्या संमेलनात १९८४ पासून देतात.

आता मला सांगा, हे ऐकून आपल्याकडच्या बाईला काय आठवेल? मला गुलाबाई आठवली. भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आम्ही पोरी घरोघरी जायचो, गोल बसून गाणी म्हणायचो, त्यात सासरच्या माणसांची सगळी खेचाखेची, आणि शेवटी डब्यातला खाऊ ओळखायचा. डबा हलवून बघायचा, खुळखुळ वाजला तर दाणे, नाही वाजला तर शिरा किंवा केळं, आणि ज्या घरची काकू अवघड खाऊ करायची तिच्याकडे जायला आम्ही आधी पळायचो. लेक म्हणाली मम्मी, फिल्कमध्ये हेच तर आहे, गाणारा गोष्टीचं नाव घेत नाही, नुसती खूण देतो, आणि ज्याने ती गोष्ट वाचली आहे त्याला ओळखू येतं आणि तो हसतो. म्हणजे डबाच की हो तो! ज्याला डब्यातलं माहीत नाही त्याला नुसता खुळखुळाटच ऐकू येणार, काकांना जसा आला, मला जसा आला.

मग मी मागेच लागले. रोज रात्री जेवणं झाली की ती एक गाणं लावायची आणि आधी मला त्याची गोष्ट सांगायची. मॅसॅच्युसेट्सचे दोन भाऊ आहेत, २००२ मध्ये त्यांनी हॅरी पॉटरवर गाणी करायला घेतली, आणि दोघंही हॅरीच! एक शाळेच्या चौथ्या वर्षातला हॅरी, दुसरा सातव्या वर्षातला, दोघांना तसाच टाय आणि चष्मा. गायचे कुठे तर लायब्रऱ्यांमधे. त्यांचं बघून असे इतके बँड निघाले की त्या प्रकाराला विझार्ड रॉक असं नावच पडलं. दुसरा एक जण, जोनाथन कोल्टन, सॉफ्टवेअरची नोकरी सोडून वर्षभर दर आठवड्याला एक गाणं करत बसला, त्यातलं एक ऑफिसात कोड लिहून कंटाळलेल्या माणसाचं आहे, ते माझ्या पुण्यातल्या भाच्याला ऐकवलं तर तो दोन मिनिटं गप्पच झाला. रॅपमधेही हा प्रकार आहे, नर्डकोर म्हणतात, ते मात्र मला झेपत नाही, इतकं भरभर बोलतात की डबा हलवायलाच वेळ मिळत नाही. आणि सगळंच चांगलं आहे असंही नाही, काही गाणी नुसती नावांची यादी असते, टाकाऊ.

व्हिडिओ गेमच्या संगीताचं तर विचारूच नका. माझा भाऊ लहानपणी टीव्हीला जोडायच्या त्या कॅसेटवाल्या गेमवर मारिओ खेळायचा, आमचे अण्णा ती टुणटुण ऐकून वैतागायचे. तीच टुणटुण, १९८५ ची, कोजी कोंडो नावाच्या जपानी माणसाची, २०२३ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसच्या ग्रंथालयाने जपून ठेवायच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत घेतली, गेममधलं पहिलंच संगीत ते. अण्णा आज असते तर पेपर तोंडासमोर धरून गप्प बसले असते.

आणि आपल्या भागाला हे वेड नवीन आहे का? इथून काही तासांवर मालेगाव. तिथल्या यंत्रमागावरच्या माणसांनी शोलेला मालेगावी केलं, सुपरमॅनला मालेगावी केलं, तोही गुटखा-तंबाखूविरुद्ध लढणारा हडकुळा सुपरमॅन, आणि ते कसं केलं त्यावर २००८ साली डॉक्युमेंटरी निघाली, ती जगभर बघितली गेली. त्याचं कौतुक आपण करतो, आणि घरातल्या पोराने तसलंच गाणं लावलं की संस्कृती बुडाली?

तेव्हा त्या काकांना माझी विनंती, नातवाला एकदा विचारा की बाबा, या गाण्यातली गोष्ट काय आहे, मला आधी सांग. आणि तुम्हाला विनंती अशी की रविवारच्या पुरवणीत एक कोपरा द्या, आपल्या चालीवर पोरांनी केलेली असली गाणी छापा. सुरुवात आमच्या घरून. आखाजीच्या झोक्यावर लेकीने केलं, अहिराणी सासूबाईंनी दुरुस्त केली:

उडत उडत सुपरमॅन आखाजीले उना
रस पीसन वाटीभर झोकावर पसरना
माय म्हने ऊठ रे भो, नळले पानी उनं
दुनिया मंग वाचाडजो, आधी हंडा भरनं

छापताना एवढं बघा, हंड्याचा झेंडा करू नका. आणि केलाच तर लेकीला कळवा, ती त्याचंही गाणं करेल.

आपली,
एक वाचक, अमळनेर