काका, एकदा तरी आभार मानू द्या

ती. काकांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, जेवलीस का?" म्हणून विषय मोडता. म्हणून हे चार लोकांसमोर लिहितेय. इथे तरी मला मध्येच तोडता येणार नाही.

स्कॉलरशिपचा कागद तुम्हीच आणून दिलात. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या चिनी वैमानिकांच्या स्मरणार्थ. विमानाचं काहीही शिकणाऱ्या कुणालाही अर्ज करता येतो. मी म्हटलं, "मी नाशिकची. यात माझा काय संबंध?" तुम्ही म्हणालात, "ओकलंडमध्येच राहतेस ना? मग त्या वैमानिकांतला फेंग रू तुझा शेजारीच की." आणि चहा ओतून घेतलात.

रात्री जागून मी निबंध लिहिला. पहिलंच वाक्य "आकाशाला गवसणी घालणाऱ्या..." असं काहीतरी. तुम्ही कानामागची पेन्सिल काढून ते खोडलंत. "गवसणी राहू दे. त्याचं विमान का पडलं ते लिही." उभी हयात मुंबईत सांताक्रूझला विमानांच्या हँगरमध्ये काढलेला माणूस दुसरं काय म्हणणार!

मग शोधत बसले. फेंग रू ग्वांगडाँगमधल्या एन्पिंगचा. पोरवयात सॅन फ्रान्सिस्कोला आला, कारखान्यांतून यंत्रं शिकला, पाण्याचे पंप बनवले. विमानासाठी पैसे दिले ते इथल्या चिनी व्यापाऱ्यांनी. 21 सप्टेंबर 1909 रोजी ओकलंडलगतच्या पीडमाँटच्या टेकड्यांवर त्याचं विमान उडालं, सुमारे अर्धा मैल. राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला सहा वर्षंही झाली नव्हती. लोक त्याला 'चीनचा राइट' म्हणतात, मला ते अजिबात आवडत नाही. तो फेंग रू होता, पुरे की.

आणि ते विमान खाली आलं एका बोल्टपायी. पंख्याचा एक बोल्ट वाजवीपेक्षा जास्त आवळला होता, तो तुटला. फेंग रू खरचटण्यावर निभावला.

हे वाचलं आणि मी कपाळाला हात लावला. आदल्याच सत्रात मी "अजून थोडा, अजून थोडा" करत एक बोल्ट असाच तोडला होता. डोकं पान्यात आणि उरलेलं दांडकं आत! ते ड्रिल करून काढताना अख्खी दुपार गेली. तुम्हाला सोडून कुणालाच सांगितलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, "हेच लिही." मी म्हटलं, स्वतःची चूक लिहून पैसे मागायचे? तुम्ही पेन्सिल पुढे केलीत.

हेझल यिंग ली या वैमानिकेचं पान मात्र तुम्ही दोनदा वाचलंत आणि कुठेच पेन्सिल लावली नाहीत. जन्म पोर्टलंडचा, 1912. दुकानात लिफ्ट चालवायची नोकरी करत ती विमान शिकली, 1932 मध्ये परवाना मिळवला. युद्धात लष्कराची विमानं कारखान्यातून पोचवणाऱ्या बायकांच्या तुकडीत होती. विमानाच्या शेपटीवर लिपस्टिकने चिनी अक्षरं काढायची म्हणे. नोव्हेंबर 1944 मध्ये ग्रेट फॉल्सला उतरताना दोन विमानं एकमेकांवर आली आणि भाजलेली हेझल दोन दिवसांनी गेली. त्या तुकडीच्या 38 जणी गेल्या, पण 1977 पर्यंत त्यांना सैनिक मानलंच नाही. घरच्यांनी दफनासाठी जागा निवडली, तर तो भाग गोऱ्यांसाठी आहे असं उत्तर मिळालं. ते भांडले आणि तिथेच तिला पुरलं.

पान खाली ठेवून तुम्ही नुसतं "हं" म्हणालात. तेवढंच.

मुलाखतीत एका बाईंनी विचारलं, या लोकांशी तुमचं नातं काय? मी म्हटलं, बोल्टचं. त्या हसल्या, मग पाऊण तास टॉर्कवरच, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचा यावरच, बोलणं झालं.

पैशांतून पहिल्यांदा हत्यारांची पेटी घेतली. कॉलेजात आपापली हत्यारं आपणच आणायची असतात, आणि मी सहा महिने दुसऱ्यांचे पाने उसने घेत होते, हे तुम्ही न सांगता ओळखलं होतंत. टॉर्क रेंच चांगल्यातला घेतलाय. ठरवलेल्या मापाला पोचला की 'टक्' करतो आणि हात आपोआप थांबतो.

तुम्ही खोडाखोड केलेला कागद पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलाय. तो परत मिळणार नाही.

रविवारी येतेय. तुमच्या गाडीचं ऑइल बदलायचं राहिलंय ना? ड्रेन प्लग, म्हणजे जुनं ऑइल सोडायचं बूच, मी आवळीन. तुम्ही खुर्ची टाकून बसा आणि 'टक्' ऐका.

तुमची,
नाशिककर