पाडण्याआधी दुरुस्तीचाही हिशोब मांडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या सोसायटीशेजारची इमारत गेल्या महिन्यात पाडली. तळमजला आणि वर तीन मजले, आमच्याच वयाची. मी रोज गॅलरीत उभी राहून बघत होते. पहिले चार-पाच दिवस माणसं हातानं काम करत होती. खिडक्यांचे गज, सागवानी चौकटी, कडप्प्याचे ओटे, नळ, वायरी, सगळं सुटं करून टेम्पोत भरलं जात होतं. शहाबादी फरश्यासुद्धा पहारीनं अलगद उचलून एकावर एक रचल्या होत्या. मग ब्रेकर लावलेलं पोकलेन आलं. भिंती, स्लॅब, टाइल्स, प्लास्टर, सगळ्याचा एकच काला झाला. त्यातून सळया तेवढ्या निवडून घेतल्या आणि उरलेला राडारोडा रात्रीच्या डंपरमधून गेला. कुठे, ते विचारलं तर कुणी सांगेना. पुण्यात नदीकाठी आणि टेकड्यांच्या उतारावर जे ढीग दिसतात, ते कुणाच्या तरी घराचेच असतात.

हे लिहिण्याचं कारण म्हणजे आता आमची पाळी आहे. 1984 ची इमारत, 24 सदनिका, लिफ्ट नाही. इमारत पाडून नवी बांधण्याचे, म्हणजे पुनर्विकासाचे, बिल्डरांचे प्रस्ताव येऊन पडले आहेत. स्ट्रक्चरल ऑडिट झालं, त्यात इमारत धोकादायक ठरलेली नाही. पार्किंगमधल्या काही खांबांचं आवरण फुगलंय, आतल्या सळयांना गंज आहे, गच्ची गळते, बाहेरचा गिलावा काढून नव्यानं करायला हवा, असं अहवाल सांगतो. थोडक्यात, दुरुस्त होण्याजोगी आहे. पण सर्वसाधारण सभेत वाढीव चटई क्षेत्र, कॉर्पस (बिल्डर सभासदांना देतो ती एकरकमी रक्कम) आणि मधल्या काळाचं भाडं यांवर दोन तास चर्चा झाली आणि दुरुस्तीच्या वाट्याला दहा मिनिटंही आली नाहीत. सभासदांना मी दोष देत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना चार वर्षं खाली उतरता आलेलं नाही, त्यांना लिफ्ट हवी आहे. मुलं मोठी झाली, एक खोली जास्त हवी, हेही खरं. माझं म्हणणं इतकंच आहे की दुसरा पर्याय आकड्यांसह आमच्यापुढे कुणी ठेवतच नाही.

त्या दुसऱ्या पर्यायात काय काय बसतं, ते आमच्याच गच्चीपासून सांगते. एप्रिलमध्ये रात्री अकरा वाजता वरच्या मजल्यावर पलंगावर उभं राहून छताला हात लावला तर तो चटकन मागे घ्यावासा वाटतो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर ती उष्णता खोलीत सोडत असतो, म्हणून त्या मजल्यावर एसी पहाटेपर्यंत चालतो. आपल्याकडच्या जुन्या गवंड्यांना यावरचा उपाय माहीत होता. विटांच्या तुकड्यांचा कोबा घालायचा आणि वर चिनी मातीच्या फुटक्या टाइल्सचे पांढरे तुकडे बसवायचे. फुटक्या मालातून केलेलं हे काम पाणीही अडवतं आणि ऊनही परतवतं. दोन वर्षांपूर्वी आम्ही गच्चीच्या एका भागावर चुना, पांढरं सिमेंट आणि थोडा फेविकॉल कालवून नुसते दोन हात दिले. त्याखालच्या घरातला फरक तिथल्या माणसांना पहिल्याच रात्री कळला. इमारतीला तसाही पुन्हा गिलावा करायचाच आहे, तर पश्चिमेच्या भिंतीला उष्णतारोधक थर आणि खिडक्यांवर खोल छज्जे त्याच परांचीवर होऊन जातील. परांची एकदाच बांधावी लागते.

पंख्यांचा हिशोब तर कागदावर पाच मिनिटांत होतो. घरटी चार धरले तर 96 पंखे. जुना पंखा साधारण 75 वॅट खातो, कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा बीएलडीसी पंखा 30 च्या आसपास. दिवसाला दहा तास धरले तरी सोसायटीची रोजची 43 युनिट वीज वाचते.

सौरऊर्जेबद्दल एक मुद्दा कुठल्याही बिल्डरच्या सादरीकरणात येत नाही. आमची गच्ची चार मजल्यांमध्ये वाटली जाते. त्याच जागेवर बारा मजले चढले की तीच गच्ची बारा मजल्यांमध्ये वाटली जाणार, आणि लिफ्ट, पंप, पार्किंगचे दिवे यांची वीज वाढलेली असणार. गच्चीवरच्या सौर पॅनेलसाठीच्या केंद्राच्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत गृहनिर्माण सोसायट्यांना सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे 18 हजार रुपये अनुदान आहे. आहे तीच इमारत ठेवून तिच्या बाहेरच्या बाजूनं लिफ्ट बसवली आणि ती गच्चीवरच्या विजेवर चालवली, तर आजींचाही प्रश्न सुटतो.

यात इमारत उभी ठेवण्याची बचत मी अजून धरलेलीच नाही. एक टन सिमेंट तयार होताना अर्ध्या टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भट्टीच्या इंधनाचा तर असतोच, पण चुनखडी भाजताना त्या दगडातूनच तो वायू सुटतो. जगभरच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा साधारण 8 टक्के आहे. आमच्या खांब-तुळयांसाठी 1984 मध्ये ही किंमत मोजून झाली आहे. सांगाडा भक्कम असताना तो फोडणं म्हणजे तीच किंमत दुसऱ्यांदा मोजणं.

हे स्वप्नरंजन नाही. फ्रान्समध्ये बोर्दो शहरातल्या ग्रां पार्क वसाहतीत 1960 च्या दशकातल्या तीन इमारतींमधली 530 घरं न पाडता सुधारली गेली. बाहेरून प्रत्येक घराला काचेच्या प्रशस्त सज्जाची जोड दिली, आणि काम चालू असताना लोक आपापल्या घरातच राहिले. त्यांचा प्रश्न थंडीचा, आपला उन्हाचा, त्यामुळे उपाय तसाच्या तसा उचलता येणार नाही. पण भाड्याच्या घरात तीन वर्षं न काढता जास्तीची जागा मिळू शकते, हे तिथे दिसलं. त्या कामातल्या लाकातों आणि वासाल या वास्तुविशारदांना 2021 मध्ये प्रित्झकर पुरस्कार मिळाला.

मग आपल्याकडे हे का होत नाही? माझ्या मते पहिली अडचण पैशाची आहे, आणि ती उपविधींमध्येच आहे. सोसायट्यांसाठीच्या सरकारी आदर्श उपविधींनुसार सिंकिंग फंड (मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी) सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.25 टक्के आणि दुरुस्ती निधी किमान 0.75 टक्के. हा खर्च कुठला? इमारत बांधली तेव्हाचा! बांधकाम खर्च दोन लाख धरला तर सिंकिंग फंडात घरटी वर्षाला 500 रुपये, म्हणजे चाळीस वर्षांत 20 हजार आणि वर व्याज. हा किमान दर आहे, सभा तो वाढवू शकते. आम्ही कधी वाढवला नाही आणि मी सचिव असतानाही तो विषय सभेपुढे आणला नाही, याचं मला आज वाईट वाटतं. तिजोरी अशी रिकामी असताना बिल्डर ‘तुम्हाला एक रुपयाही घालावा लागणार नाही’ म्हणत दारात उभा राहतो. स्वयंपुनर्विकासासाठी, म्हणजे बिल्डरशिवाय सोसायटीनं स्वतःच केलेल्या पुनर्विकासासाठी, सरकारनं 2019 मध्ये सवलती जाहीर केल्या, तशाच सवलतीचं कर्ज दुरुस्तीसाठीही का मिळू नये?

दुसरी अडचण नियमांच्या रोखाची. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79(अ) खालच्या 4 जुलै 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीनं वास्तुविशारद नेमून पुनर्विकासाचा प्रकल्प अहवाल करून घ्यायचा असतो. त्याच अहवालात दुरुस्ती आणि ऊर्जाबचतीचा पर्याय, खर्च आणि पुढच्या वीस वर्षांच्या वीजबिलासह मांडणं सक्तीचं करावं, ही माझी सरकारकडे मागणी आहे. घरांच्या ऊर्जाबचतीसाठीची केंद्राची 2018 ची इको-निवास संहिता छतातून आणि भिंतींतून किती उष्णता आत यावी याच्या मर्यादा घालते, पण तिचा रोख नव्या इमारतींवर आहे. शहरातली बहुतेक माणसं जुन्या घरांत राहतात.

ज्या इमारती खरोखर मोडकळीला आल्या आहेत, त्या पाडाव्याच लागतील. तिथे जिवाशी खेळ नको. पण पाडायचं तेही सुटं करत. माझ्या घराचं दार सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्याचं आहे. वाडा उतरवला तेव्हा वडिलांनी ते चौकटीसकट आणून ठेवलं होतं. वाड्याच्या विटाही चुन्यात बांधलेल्या असल्यामुळे खरवडून पुन्हा वापरता आल्या. सिमेंटमध्ये बांधलेली वीट तशी सुटत नाही, फुटते. म्हणून निदान काँक्रीट वेगळं आणि विटा-माती वेगळी ठेवायला हवी. राडारोड्याबद्दलच्या केंद्राच्या 2016 च्या नियमांनीही हेच सांगितलं होतं. दिवसाला 20 टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला 300 टनांहून जास्त राडारोडा असेल तर काँक्रीट, माती, विटा-गिलावा आणि लोखंड-लाकूड-प्लास्टिक असे चार ढीग करायचे. 24 सदनिकांची इमारत 300 टन सहज ओलांडते. शेजारी मात्र मी एकच ढीग पाहिला. काँक्रीटची पुन्हा खडी होऊ शकते. आयएस 383 हे भारतीय मानक 2016 पासून एम25 या ताकदीच्या प्रतीपर्यंतच्या सळईच्या काँक्रीटमध्ये अशी 20 टक्के खडी चालवून घेतं. 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या नियमांत बांधकाम करणाऱ्यावर राडारोड्याच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकली आहे, पण ती 20 हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामांवर. गल्लीबोळांतल्या आमच्यासारख्या सोसायट्या एकेक करून पडतात, त्या यातून निसटतील. पाडकामाची परवानगी देतानाच महापालिकेनं चार ढिगांची अट घालावी आणि माल राडारोडा प्रक्रिया केंद्रावर पोचल्याची पावती पाहिल्याशिवाय पुढचा बांधकाम परवाना देऊ नये.

आमची पुढची सभा दोन आठवड्यांनी आहे. मी दुरुस्तीचा ठराव मांडणार आहे, त्याला एका स्ट्रक्चरल इंजिनिअरचं अंदाजपत्रक जोडणार आहे. ज्या सोसायट्यांनी इमारत न पाडता लिफ्ट बसवली, गच्ची थंड केली किंवा खांबांची दुरुस्ती केली, त्यांनी आपला खर्च आणि अनुभव या सदरात जरूर कळवावा. सभेत ठेवायला आम्हाला त्याचा फार उपयोग होईल.

आपली,
एक वाचक
(गृहनिर्माण सोसायटीची माजी सचिव), पुणे