पहिली घंटा

वर्तकनगर, ठाणे
२४ मे

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी पोचली. काल फोनवर बाबा म्हणाले, "पंधरा जूनला ठाण्याला एवढं काय आहे?" मला ते फोनवर सांगता येईना, म्हणून लिहायला बसले.

किर्गिझस्तानात मी वर्षभर इंग्रजी शिकवून आले, पण तिथला शाळेचा पहिला दिवस तुम्हाला कधी नीट सांगितलाच नाही. तिथं शाळा १ सप्टेंबरला उघडते. आदल्याच दिवशी त्यांचा स्वातंत्र्यदिन असतो, त्यामुळे गावात झेंडे लागलेलेच होते. सकाळी अख्खी शाळा पटांगणात रांगा करून उभी. सोव्हिएत काळापासूनची रीत आहे ही; त्या समारंभाला 'लिनेयका' म्हणतात. मुलींच्या वेण्यांवर पांढऱ्या रिबिनींची ही एवढाली फुलं. आई, तू माझ्या वेण्या वर दुमडून लाल रिबिनी इतक्या घट्ट बांधायचीस की डोळे ताणले जायचे, अगदी तसे चेहरे. प्रत्येकाच्या हातात बाईंसाठी फुलं, बरीचशी परसातलीच. अ‍ॅस्टर, डेलिया, देठांना ओलं वर्तमानपत्र गुंडाळलेलं.

मीही मुख्याध्यापिकांसाठी दहा फुलं नेली होती. शेजारच्या शिक्षिकेनं ती नजरेनंच मोजली आणि काही न बोलता त्यातलं एक काढून माझ्या ओढणीच्या पिनेत खोचलं. सम आकड्याची फुलं तिथं मयताला नेतात. आपण आहेराच्या शंभरावर एक रुपया ठेवतो ते आठवलं, आणि त्या परक्या पटांगणात जरा जीव रमला.

मग पहिली घंटा. त्यांच्या भाषेत 'बिरिन्ची कोङ्गुरो'. बाबा, तुम्ही फळ्यावर ङ काढून म्हणायचात, "अंकलिपीत याला चित्र नाही, पण हा आहे बरं का." तो मला त्या घंटेत सापडला. त्यांच्या लिपीत त्या उच्चाराला वेगळं अक्षरच आहे. अकरावीतल्या एका उंच मुलानं पहिलीतल्या मुलीला खांद्यावर घेतलं. तिच्या हातात लाल फीत बांधलेली पितळी घंटा. तो रांगांसमोरून फिरणार आणि ती वाजवत राहणार. पण पोर भेदरली. एका हातानं तिनं त्याचे केस गच्च धरले, घंटा छातीशी आवळली, त्यामुळे ती नुसती टक टक वाजायला लागली. तो थांबला. त्यानं घाई केली नाही. तिच्या बुटाचा सुटलेला पट्टा उभ्या उभ्या लावला, मान वळवून काहीतरी बोलला. मग तिनं हात वर केला, आणि घंटा वाजली.

मला तिथं रडू आलं. कारण इतकी वर्षं सांगितलं नव्हतं.

मी पहिलीत आले तो दिवस. तुम्ही धनगरवाड्यावरच्या एका रडणाऱ्या पोराला कडेवर घेऊन, लिंबाला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर टोल दिलात. मी रांगेतून 'बाबा' अशी हाक मारली, तर म्हणालात, "शाळेत गुरुजी म्हणायचं." त्या दिवशी घरी येऊन मी जेवले नाही, आईला आठवत असेल. मला वाटलं, शाळेनं माझे बाबा काढून घेतले.

किर्गिझ मुलं बाईंना 'एजेके' म्हणतात. एजे म्हणजे थोरली बहीण. त्यांतलं एखादं माझी ओढणी धरून रडायला लागलं की मी त्याला उचलायचे, आणि दर वेळी तो धनगरवाड्यावरचा मुलगा डोळ्यांसमोर यायचा. त्याला सोडायला घरचं कुणी आलं नव्हतं. माझ्यासाठी आई फाटकाशी उभी होती.

आता पंधरा जूनचं. आमच्या मागच्या टॉवरच्या बांधकामावरची सात मुलं माझ्या शनिवार-रविवारच्या वर्गाला येतात, ती त्या दिवशी महापालिकेच्या शाळेत पहिलीत बसणार आहेत. प्रवेशोत्सवात गुलाब मिळेल, पुस्तकं मिळतील, त्याची मला काळजी नाही. पण सोडायला आईबाप येणार नाहीत. त्यांना दिवसाचा खाडा परवडत नाही. मी एकटी सात जणांना पुरायची नाही. सगळ्यात बारका तर आत्तापासूनच म्हणतोय, मी नाही जाणार.

बाबा, तुम्ही या. गुडघा दुखतो, ठाऊक आहे. खांद्यावर नकोच, फाटकापासून वर्गापर्यंत नुसतं कडेवर घ्या.

आई, चार मुली आहेत, म्हणजे आठ लाल रिबिनी. वडूजच्या बाजारातून आण, इथल्या सॅटिनच्या निसटतात. फुलं मी जांभळी नाक्यावरून आणीन, सात. तेरा तारखेच्या एसटीत बसा, खोपटला मी घ्यायला येते. पाऊस लागलेला असेल, छत्र्या हाताशी ठेवा.

आणि बाबा, तो बारका तुम्हाला आजोबा म्हणाला, तर म्हणू द्या.

तुमची,
सुमी