केमोत नखांकडेही बघा

मा. संपादक,

केमोथेरपीत केस गळण्याची चर्चा होते, नखांचे हाल कुणी विचारत नाही. डोसेटॅक्सेल, पॅक्लिटॅक्सेल या औषधांनी नख खालून सुटते, काळे-निळे पडते. मग शर्टाचे बटणही लावता येत नाही. सुटलेले नख ओढू नये. आखूड, सरळ कापावे, कडेची कातडी कोरू नये. भांडी घासताना सुती हातमोज्यांवर रबरी मोजे घालावेत, कारण ओल नखाखाली साचली की जंतू वाढतात. डोसेटॅक्सेलच्या सलाइनआधी 15 मिनिटे, सलाइन चालू असताना आणि नंतर 15 मिनिटे गोठवलेले जेल-हातमोजे घातल्यास त्रास कमी होतो. प्रत्येक डे-केअर वॉर्डात ते असायलाच हवेत. पू, ठणका किंवा 38 अंश ताप आल्यास हळदीचा लेप लावत बसू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

– कर्करोग विभागातील परिचारिका