बॅटरी विकण्याआधी गळती मोजा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कमी वापरातल्या गाडीची निगा कशी राखावी यावर लेख आला होता. टायरमधली हवा, वायपरचं रबर वगैरे सगळं ठीकच आहे. पण ‘आठवड्यातून एकदा गाडी जागेवरच दहा मिनिटं चालू ठेवा, बॅटरी उतरणार नाही’ आणि ‘तरीही उतरलीच तर बॅटरी बदला’ या दोन सल्ल्यांना माझी हरकत आहे. मी वीजमीटर तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त झाले. मोजल्याशिवाय कशालाही नादुरुस्त म्हणायचं नाही, ही तिथली शिस्त अजून अंगात आहे.

माझी गाडी जुनी आहे आणि माझ्याकडे दुसऱ्या हाताने आली. रोज फिरली तर तक्रार नाही. चार-पाच दिवस उभी राहिली की मात्र किल्ली फिरवल्यावर नुसतं ‘टक’ असा आवाज, डॅशबोर्डवरचे दिवे मंद, सेल्फ ढिम्म. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, बॅटरीवरची तारीख वाचली आणि निकाल दिला, “ताई, बॅटरी गेली. नवीन टाकून घ्या.” मीटर त्याच्या मागच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला होता. तो खाली काही आला नाही. मीही नवीन बॅटरी घेतली नाही.

बॅटरी खरंच गेली आहे का, हे तपासणं अवघड नसतं. तिचा वरचा भाग आधी पुसून घ्यावा, कारण तिथल्या ओलसर मळातूनसुद्धा थोडा करंट वाहत असतो. मग चार्जर लावून ती पूर्ण चार्ज करायची, निगेटिव्हचा क्लॅम्प काढून रात्रभर तशीच ठेवायची आणि सकाळी व्होल्टेज बघायचं. १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली गेली की ती जवळजवळ रिकामी. माझी सकाळी १२.६ वरच होती. तीच बॅटरी गाडीला जोडून दोन रात्री ठेवली, तर आकडा १२.४ च्या खाली. म्हणजे बॅटरी धरून ठेवत होती, गाडी पीत होती. नळ गळतो म्हणून कोणी टाकी बदलत नाही. गाडीच्या बाबतीत मात्र सर्रास हेच चालतं.

बंद गाडीही बॅटरीतून जो करंट ओढत राहते, ती गळती. ती मोजण्यासाठी साधा मल्टिमीटर (व्होल्टेज आणि करंट दोन्ही मोजणारा मीटर) पुरतो. गाडी बंद, किल्ली बाहेर, निगेटिव्हचा क्लॅम्प सोडवायचा आणि तो क्लॅम्प व बॅटरीचं टर्मिनल यांच्यामध्ये मीटर घालायचा. लाल वायर मीटरच्या १० अँपिअरच्या भोकात. मीटर मध्ये असताना सेल्फ मारायचा नाही. सेल्फ शंभराहून जास्त अँपिअर ओढतो, मीटरचा फ्यूज त्याच क्षणी उडेल. आणि मोजून झालं की लाल वायर आठवणीने व्होल्टच्या भोकात परत. ती तिथेच विसरून पुढच्या वेळी व्होल्टेज बघायला गेलात, तर तो थेट शॉर्टसर्किट असतो. आमच्या प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या मुलांनी जाळलेल्या मीटरांपैकी निम्मे तरी याच कारणाने गेले असतील.

दार उघडं असेल तर आतला दिवा मापात येतो, म्हणून दाराचं लॅच स्क्रूड्रायव्हरने ढकलून बंद स्थितीत आणावं. (दार लावण्याआधी हँडल ओढून ते पुन्हा मोकळं करा, नाहीतर लॅच आणि खटका एकमेकांवर आपटतात.) पहिला आकडा बघून घाबरू नये. जरा नव्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक युनिटं झोपी जायला वीस मिनिटांपासून तासापर्यंत वेळ घेतात, तोवर आकडा मोठाच दिसतो. स्थिरावल्यावर ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. घड्याळ आणि रेडिओची मेमरी एवढं खातातच. माझा मीटर २१० वर जाऊन बसला आणि हलेना.

२१० मिलिअँपिअर ऐकायला किरकोळ वाटतं. चोवीस तासांत ते पाच अँपिअर-तास (करंट गुणिले तास) होतात. माझी बॅटरी ४० अँपिअर-तासांची, म्हणजे चार दिवसांत निम्मी रिकामी. आता आपल्या लेखातला सल्ला इथे लावून बघा. आठवड्याची गळती ३५ अँपिअर-तास. दहा मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवली आणि अल्टरनेटरने (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राने) अगदी ३० अँपिअर दिले असं धरलं, तरी परत आले पाच. बाकीचे तीस कुठून येणार? शिवाय लेड-अ‍ॅसिड बॅटरी वारंवार अशी खोलवर उतरली की तिच्या प्लेट्सवर सल्फेटचा थर कडक होत जातो आणि मग ती खरोखरच जाते. गॅरेजवाला तेव्हा म्हणायला मोकळा, की मी सांगत नव्हतो का!

शोधाशोधीकडे येते. नेहमीची रीत म्हणजे एकेक फ्यूज उपटायचा आणि आकडा कधी पडतो ते बघायचं. जुन्या गाडीत हे चालून जातं, पण फ्यूज परत बसवताना झोपलेली युनिटं जागी होतात आणि पुन्हा थांबत बसावं लागतं. त्यापेक्षा फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या डोक्यावर जे दोन उघडे ठिपके असतात, त्यांवर मीटरच्या सुया टेकवून मिलिव्होल्ट बघावेत. करंट वाहत असेल तर फ्यूजच्या दोन टोकांत बारीकसा फरक पडतो. १० अँपिअरच्या फ्यूजमधून शंभर मिलिअँपिअर जात असतील तर एक मिलिव्होल्टपेक्षा थोडा कमी. मी एकेक करत सगळे फ्यूज तपासले. घड्याळ-रेडिओच्या फ्यूजवर ०.१ मिलिव्होल्ट, बाकी सगळीकडे शून्य. बॅटरीवर मात्र २१० कायम.

इथे बरेच जण हात टेकतात. खरं म्हणजे तपास इथेच सोपा होतो, कारण अख्खा फ्यूजबॉक्स संशयातून सुटला. उरतात फक्त त्याच्या आधी फुटलेल्या वायरी. त्यांतली पहिली अल्टरनेटरची जाड वायर. अल्टरनेटरच्या आत करंट एकाच दिशेने जाऊ देणारे डायोड असतात, त्यांतला एखादा खराब झाला की बंद गाडीतही करंट उलटा जातो. ही वायर सतत जिवंत असते, म्हणून आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढायचं, मगच तिच्या नटाला पाना लावायचा. वायर सोडवून तिच्या टोकाला टेप गुंडाळला आणि परत मोजलं. २१०. अल्टरनेटर निर्दोष.

मग ड्रायव्हरच्या सीटपुढे आडवी होऊन स्टिअरिंगखालचं प्लास्टिकचं कव्हर काढलं. इग्निशन स्विचकडे जाणाऱ्या वायरींच्या जुडग्याच्या वर, काळ्या टेपने घट्ट आवळलेला, काडेपेटीहून थोडा मोठा एक डबा हाताला लागला. आणि तो कोमट होता! गाडी रात्रभर बंद, आसपासची प्रत्येक वस्तू गार आणि हा एकटाच उबदार. अडीच वॅट सतत जिरत असतील तर एवढा डबा गरम होणारच.

तो आधीच्या मालकाने कधीकाळी बसवून घेतलेला चोरी-अलार्म निघाला. रिमोट नाही, भोंगा केव्हाच काढून नेलेला, डबा तेवढा मागे राहिलेला. उघडून पाहिलं तर सर्किटवर पाण्याचे डाग, तांब्यावर हिरवट बुरशीसारखा थर आणि आतला रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) कायमचा ओढून धरलेला. त्याची लाल वायर मूळ गाडीच्या मुख्य वायरीचं इन्सुलेशन सोलून तिला नुसती पीळ देऊन जोडलेली. मध्ये फ्यूज नाही! ती वायर कुठे घासून बॉडीला टेकली असती तर बॅटरीची सगळी ताकद डॅशबोर्डच्या आत, प्लास्टिक आणि फोमच्या शेजारी उतरली असती. बॅटरी उतरण्यापेक्षा मला हे जास्त भयंकर वाटलं.

डबा नुसता कापून फेकून चालत नाही, हेही सांगायला हवं. असे अलार्म सेल्फची वायर मधेच तोडून ती आपल्या रिलेतून फिरवतात, म्हणून डबा काढला की गाडी चालूच होत नाही. ती तोडलेली दोन टोकं शोधून, सोल्डर करून, स्लीव्ह चढवून पूर्वीसारखी जोडावी लागतात. ते केलं आणि मीटर लावला. १८ मिलिअँपिअर. गाडी त्याच बॅटरीवर चालते आहे.

काही जण अशा गाड्यांना बॅटरी कटऑफ स्विच, म्हणजे बॅटरी गाडीपासून पूर्ण तोडणारा स्विच, सुचवतात. महिनोन्‌महिने झाकून ठेवायच्या गाडीला तो चांगलाच. पण गळतीवरचा इलाज म्हणून तो बसवला, तर गाडी चालवताना, म्हणजे स्विच चालू असताना, ती बिनफ्यूजची वायर तशीच जिवंत राहणार. शिवाय गळती कुठे आहे ते कधी कळणारच नाही.

प्रत्येकाने स्टिअरिंगखाली आडवं व्हावं असं माझं म्हणणं नाही. वयाने मलाही ते फार झेपत नाही. माझी मागणी गॅरेजवाल्यांकडे आहे. ‘बॅटरी उतरते’ अशी तक्रार घेऊन गाडी आली, तर नवीन बॅटरी विकण्याआधी दोन आकडे बिलावर लिहून द्या: अल्टरनेटरचं चार्जिंग व्होल्टेज आणि बंद गाडीची गळती किती मिलिअँपिअर. पहिला साधारण १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आणि दुसरा पन्नासच्या आत असेल, आणि बॅटरी लोड टेस्टमध्ये (तिच्यावर मोठा भार टाकून केलेल्या तपासणीत) नापास झाली, तर खुशाल नवीन द्या, आम्ही वाद घालणार नाही. युनिटं झोपायला लागणारा वेळ सोडला तर हे पाच-दहा मिनिटांचं काम आहे, आणि मीटर तुमच्या भिंतीवर आहेच.

आपल्या पुरवणीनेही पुढच्या वेळी गाडीविषयी लिहिताना जागेवर इंजिन चालू ठेवण्याचा सल्ला मागे घ्यावा आणि ‘आधी गळती मोजून घ्या’ ही ओळ ठळक अक्षरांत छापावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त मीटर तपासनीस