विमानातली बर्थ आणि तुमचं पुढच्या वर्षीचं तिकीट

लंडन, रविवार

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

पोचल्याचा मेसेज केला होता, पण बाबांचे प्रश्न मेसेजात मावणारे नाहीत, आणि आईचा प्रश्न (‘किती पैसे पडले?’) मी फोनवर टाळत आलेय. आधी तोच घेते. तिकीट ऑफिसचं होतं. रात्रभर प्रवास करून सकाळी थेट मीटिंगला बसायचं असेल तर आमच्याकडे बिझनेस क्लास मिळतो. स्वतःच्या खिशातून काढायचं म्हटलं तर साध्या तिकिटाच्या कित्येक पट. आकडा लिहीत नाही. आई, तुझं बीपी मला ठाऊक आहे.

न्यूयॉर्क ते लंडन म्हणजे साधारण 5,500 किलोमीटर. रात्री साडेनऊला सुटायचं आणि सकाळी साडेनऊला उतरायचं. ऐकायला 12 तास, पण त्यातले 5 घड्याळ पुढे करण्यातच जातात. राहिले 7. त्यात विमान धावपट्टीच्या रांगेत ताटकळतं, मग जेवण येतं, आणि उतरायच्या तासभर आधी नाश्त्यासाठी दिवे लावतात. झोपेला उरतात जेमतेम 4 तास. शिवाय वर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो, जेट स्ट्रीम म्हणतात त्याला, तो विमानाला मागून रेटतो. फेब्रुवारी 2020 मध्ये वादळाच्या वाऱ्यावर ब्रिटिश एअरवेजचं एक विमान याच मार्गावर 5 तासांच्या आत पोचलं होतं. आमच्या कॅप्टननेही मोठ्या खुशीत सांगितलं, वारा छान आहे, अर्धा तास आधी पोचू. माझ्या शेजारच्या बाईंनी कपाळाला हात लावला. झोपायचे पैसे भरलेला माणूस विमान लवकर पोचलं म्हणून हळहळतो, ही गंमत मी पहिल्यांदाच पाहिली.

खुर्चीचं म्हणाल तर बटण दाबून धरलं की ती पुढे सरकत सरकत अगदी सपाट होते. वर अंथरायला पातळ गादी, पांघरायला दुलई, खरी उशी. पाय मात्र पुढच्या खुर्चीखालच्या एका कोनाड्यात घालायचे. तो निमुळता असतो, त्यामुळे कूस बदलली की गुडघा आपटतो. आई, तुझ्या उंचीला काही त्रास नाही, बाबांना थोडा होईल. सगळ्यात पुढच्या रांगेत हा कोनाडा बहुधा ऐसपैस असतो, ते मी बघून ठेवलंय. आणि बाबा, फर्स्ट एसीची बर्थ याहून रुंद असते. तुमच्या रेल्वेचा विजय झाला, आता पुढे वाचा.

जेवणात शाकाहारी भारतीय हवं असेल तर निदान 24 तास आधी सांगून ठेवावं लागतं. मी सांगितलं होतं. पनीर, भात, डाळ, सगळं चिनीमातीच्या बशांतून, पांढऱ्या कापडावर. डाळ अळणी लागली. दोष सगळा स्वयंपाक्याचा नाही. त्या उंचीवर हवेचा दाब कमी, हवा कोरडी ठक्क, मीठ आणि गोड जिभेला कमीच कळतं. तू दिलेली लसणाची चटणी पर्समध्ये होती. ती डाळीवर घेतली तेव्हा कुठे जेवल्यासारखं वाटलं. हवाई सुंदरीने वास घेतला, पण हसून पुढे गेली.

आता बाबांचा प्रश्न: समुद्रावर विमानांचा कंट्रोल कुणाकडे? हे मी मुद्दाम वाचून काढलं. किनारा सुटला की थोड्याच अंतरावर रडार संपतं. मग अर्ध्या समुद्रापर्यंत कॅनडातलं गँडरचं नियंत्रण केंद्र सांभाळतं आणि पुढे स्कॉटलंडमधलं प्रेस्टविक. 30 अंश पश्चिम रेखांशावर एकाकडून दुसऱ्याकडे गाडी सोपवायची, म्हणजे रेल्वेत असताना तुमचं शेजारच्या स्टेशनला विचारून लाइन क्लिअर (गाडी सोडायची परवानगी) घेणंच की. वाटा रोज नव्याने आखतात, वारा बघून. रात्री पूर्वेकडे जाणाऱ्यांसाठी गँडर आखतं, दिवसा पश्चिमेकडे येणाऱ्यांसाठी प्रेस्टविक. अमेरिकेतून बहुतेक सगळे रात्री निघतात आणि युरोपातून बहुतेक सगळे दिवसा, म्हणून हे जमतं. विसापूरला सिंगल लाइनवर क्रॉसिंगसाठी तुम्ही गाड्या लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, घेऊन ठेवायचात. इथे लूप नाही, कुणाला उभंही करता येत नाही, त्यामुळे सगळं वाट, उंची आणि वेळ यांवर तोललेलं. पूर्वी वैमानिक रेडिओवरून मी अमुक ठिकाणी आहे असं कळवायचे, खरखरीतून ऐकू येईल तसं. 2019 पासून उपग्रहांवरून विमानं दिसू लागली. पडद्यावरच्या नकाशात आमचं विमान मधोमध आलं तेव्हा मी जागीच होते. खाली काळोख, आजूबाजूला एकही दिवा नाही, आणि तरी याच दिशेने कितीतरी विमानं चाललेली. तुम्ही असता तर झोपला नसतात, पैसे पाण्यात.

आता मुद्द्याचं. इतक्या छोट्या रात्रीसाठी हे तिकीट स्वतः काढावं असं मला वाटत नाही. ऑफिस देतंय तर घ्यावं. तुमचं वेगळं आहे. मुंबईहून थेट न्यूयॉर्कला माझ्याकडे यायचं म्हणजे जवळजवळ 16 तास. मागच्या वेळी बाबांचे पाय इतके सुजले की बूट चढेनात, इमिग्रेशनच्या रांगेत चपलेवर उभे होते. आई ‘मस्त झोप झाली’ म्हणाली आणि गाडीत सीटबेल्ट लावायच्या आत झोपली. मी तेव्हा काही बोलले नाही. डॉक्टर इतका वेळ पाय लोंबकळत ठेवू नका म्हणाले होते, ते तुम्ही दोघांनी मला आल्यावर सांगितलंत.

तेव्हा पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही आडवे होऊन येणार आहात. ‘त्या पैशांत नातवाचं काहीतरी कर’ हे वाक्य बाबांनी मनात तयार केलं असेल, ते तिथेच राहू द्या. पैसे बाजूला काढून झालेत. आणि आई, डब्यात पोळ्या घेऊन बसलीस तरी तिथे कुणी काही म्हणत नाही.

मला एवढंच कळवा: पासपोर्टांची मुदत कधीपर्यंत आहे, आणि बाबांना खिडकी हवी की आईशेजारची जागा. दोन्ही एकदम मिळत नाही, खिडकीला एकेकटीच खुर्ची असते, जोडी फक्त मधे. दोघांनी भांडून ठरवा आणि बुधवारपर्यंत सांगा.

तुमची,
मनू

ता. क. नाश्त्याला लोणचं मागू नका, नसतं. आपलं घेऊन बसा.