युरियासोबत गळ्यात पडलेल्या काळ्या गोणीबद्दल

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

मी वाळवा तालुक्यातला ऊसकरी. रान कृष्णाकाठचं, लागण आडसाली, म्हणजे पावसाळ्यात लावून दीडएक वर्षाने तुटणारा ऊस. परवा गावातल्या सभेत एक साहेब म्हणाले, रासायनिक सोडा, सेंद्रिय धरा. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. मग घरी येऊन वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला.

आडसाली उसाला विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची (नायट्रोजनची), म्हणजे एकरी १६०. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणून ४५ किलोच्या जवळपास आठ गोण्या झाल्या. शेणखतात नत्र असतं अर्धा टक्का धरा. तेवढंच नत्र नुसत्या शेणखतातून द्यायचं तर एकरी ३२ टन लागतं. साहेब, माझ्या गोठ्यात एक म्हैस आहे. बैल ट्रॅक्टर आला तेव्हाच गेले, आणि उकिरड्याच्या जागी आता पोराची मोटारसायकल उभी असते.

म्हणून मी शेणखताला नावं ठेवतो असं समजू नका. उलट माझ्याच रानाने मला शिकवलंय. वडिलांच्या काळी मोटारीचं पाणी आलं, आम्ही सरी तुंबेपर्यंत पाजलं आणि वरून युरिया फेकला. आज नदीकडच्या तुकड्यावर उन्हाळ्यात क्षारांचा पांढरा थर येतो. तिथे ऊस गुडघ्याच्या वर जात नाही. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत येणारा कार्बन, निघाला जेमतेम ०.४ टक्के. अशा मातीत युरिया टाकला तरी तो धरून ठेवणार कोण?

तीन वर्षांपासून खोडव्यात, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या पिकात, पाचट (उसाची वाळली पानं) जाळत नाही. कुट्टी करून सरीतच ठेवतो. पण नुसतं पाचट कुजता कुजत नाही. त्यात कर्ब फार आणि नत्र थोडं, त्यामुळे कुजवणारे जिवाणू मातीतलंच नत्र ओढून घेतात आणि खोडवा पिवळा पडतो. पहिल्या वर्षी माझा पडला, शेजारी हसले. दुसऱ्या वर्षी शिफारशीप्रमाणे एकरी पाऊण गोणी युरिया, थोडं सुपर फॉस्फेट आणि जिवाणू कल्चर पाचटावर टाकलं. पावसाळ्यानंतर खुरप्याने बाजूला केलं तर खाली काळी, ओली माती आणि गांडुळं. सेंद्रिय की रासायनिक, हे भांडण सभेत चालतं. माझ्या सरीत युरियानेच पाचट कुजवलं.

आता मुद्द्याचं. यंदा भरणीच्या, म्हणजे उसाच्या बुडाला माती चढवण्याच्या, आधी युरिया आणायला गेलो. गोणी २६६ रुपये ५० पैशांची. दुकानदार म्हणाला, सुटा मिळणार नाही, सोबत हे सेंद्रिय खत घ्यावं लागेल. काळे दाणे, गोणीवर हिरवं पान, आणि किंमत युरियाच्या दुपटीहून जास्त. तुमच्या खात्यात याला लिंकिंग म्हणतात, आमच्याकडे गळ्यात मारणं म्हणतात. भरणी तोंडावर आलेली, घेतलं. घरी मूठभर दाणे बादलीत भिजत घातले. सकाळी वर गढूळ पाणी, खाली बोटभर चिकण गाळ. बायको म्हणाली, ही तर आपल्याच नदीची माती, पैसे देऊन परत आणलीत.

युरियाची किंमत दिल्लीत ठरते, हे मला ठाऊक आहे. २०१० साली बाकीच्या खतांचं अनुदान त्यातल्या अन्नद्रव्याच्या प्रमाणावर ठरू लागलं, युरिया तेवढा बाहेर राहिला आणि स्वस्त राहिला. त्यावरून तुमच्याशी भांडत नाही. पण दुकानाचा परवाना राज्याच्या हातात आहे, गोणीचा नमुना काढणारा निरीक्षकही तुमचाच. सेंद्रिय खताची मानकं १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात आहेत. मग युरियाची गोणी तपासता तशी ही काळी गोणीही तपासा, आणि नमुन्याचा निकाल मराठीत दुकानाच्या दारावर लावा. लिंकिंगची तक्रार करणाऱ्याचं नाव दुकानदाराच्या कानावर जाऊ देऊ नका, पुढच्या हंगामात त्यालाच युरिया मिळत नाही.

दुसरी मागणी पाचट कुट्टीच्या यंत्राची. ऊस तुटला की आठ-दहा दिवसांत कुट्टी झाली पाहिजे, आणि त्याच दिवसांत सगळ्या गावाला यंत्र हवं असतं. भाड्याचं यंत्र आमच्या वाडीवर येईपर्यंत निम्म्या फडांना काडी लागलेली असते. विकास सोसायटीकडे एक यंत्र द्या, भाडं आम्ही भरू.

ती गोणी अजून पडवीत आहे. निरीक्षक आले तर नमुना तिथूनच घ्यावा.

आपला,
एक ऊस उत्पादक, ता. वाळवा, जि. सांगली